केकला मधोमध खड्डा पडतोय? पाककृती बदलण्याआधी हे तपासा

लक्षणं

ओव्हनमध्ये असताना केक चांगला फुगतो. काचेतून बघून मुलं उड्या मारतात. बाहेर काढला की दहा मिनिटांत मधला भाग खाली जातो आणि कडा तेवढ्या उभ्या राहतात. कधी बाहेर काढण्याआधीच, आतल्या आतच बसतो. कापला तर मध्ये चिकट, सुरीला लागणारा ओला गोळा. वरून मात्र रंग असा सोनेरी की कुणालाही वाटावं, झाला. पावसाळ्यात हे जास्त होतं, संध्याकाळी दुपारपेक्षा जास्त होतं, आणि आंब्याचा किंवा ओल्या नारळाचा केक असेल तर हमखास होतं.

मी बेकरीवाली नाही. पण आमच्या रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात नातेवाइकांत, शेजारात कुणाचाही केक बसला की फोटो माझ्याकडे येतो, खाली एकच ओळ असते, ‘ताई, परत बसला.’ पाठोपाठ प्रश्न, तुमची रेसिपी द्या. रेसिपी द्यायला माझी ना नाही, पण तिचा उपयोग होत नाही. पुण्यात फुगणारा केक तीच वही घेऊन इथे आल्यावर बसतो, तेव्हा खोट वहीत नसते. बहुतेक वेळा बेकिंग पावडर दमटलेली असते, किंवा ओव्हनला पुरेशी वीज मिळत नसते. बाकीची कारणं आहेत, पण या दोघांच्या मागून येतात.

खाली जो क्रम दिलाय तो फुकटापासून खर्चिकाकडे जातो. तो मोडू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पावडर नवी आणली, भांडंही बदललं आणि वेळही वाढवली, तर केक सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी बसलेला केक नीट बघा

टाकून देण्याआधी केक पूर्ण गार होऊ द्या आणि बरोबर मधून उभा कापा. कापलेल्या बाजूवर जवळजवळ सगळं कळतं.

मध्ये ओला, चिकट गोळा असेल तर केक कच्चा आहे. उष्णता कमी पडली, वेळ कमी पडला, मिश्रणात पाणी जास्त होतं किंवा भांडं लहान होतं.

खड्डा आहे पण तो शिजलेला, कोरडा आहे, आत मोठमोठी भोकं आहेत आणि जिभेवर जरा साबणासारखी चव येते, तर पावडर किंवा सोडा जास्त पडलाय. गॅस इतका झाला की केकच्या भिंतींना तो पेलला नाही.

खड्डाच नाही, सगळा केक चपटा आणि गच्च झाला, तर पावडर मेलेली आहे किंवा मिश्रण भांड्यात वाट बघत राहिलं. तळाशी बोटभर चिकट, अर्धपारदर्शक थर असेल तर रस नाहीतर नारळाचं दूध जास्त, किंवा मैदा घातल्यावर जोर लावून फेटलेलं. एकाच बाजूला खाली गेला असेल तर ओव्हनमधली जाळी तिरकी आहे का बघा. हे इतकं साधं कारण आहे की कुणी बघतच नाही.

मधलाच भाग का बसतो, तेही सांगते. भांड्याची कड आधी तापते, म्हणून केक कडेकडून आत शिजत येतो आणि मध्य सगळ्यात शेवटी घट्ट होतो. तोवर तो फक्त गॅसच्या बुडबुड्यांवर तोललेला असतो. मधला भाग घट्ट होण्याआधी गॅस संपला किंवा उष्णता कमी झाली, की तो खाली येणार. पुढची प्रत्येक तपासणी म्हणजे या दोनपैकी एकाचा शोध आहे, गॅस कुठे गेला किंवा उष्णता कुठे गेली.

आपल्या धोंडसाला, म्हणजे काकडीच्या केकला, हा त्रास कधी झाला नाही. जून झालेल्या तवशाचा (मोठ्या काकडीचा) कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. पातेल्याच्या खाली निखारे आणि झाकणावर निखारे. सोडा नाही, पावडर नाही. जे फुगतच नाही ते बसणार कुठून?

पावडरची डबी

अर्धा कप चांगलं गरम पाणी घ्या, त्यात एक छोटा चमचा बेकिंग पावडर टाका. ताबडतोब फसफसून वर आली पाहिजे. दोनचार बुडबुडे येऊन पाणी शांत झालं तर ती डबी टाका. तारखेकडे बघू नका. डबीवरची तारीख न उघडलेल्या डबीची असते, आणि ज्यानं ती छापली त्याच्या डोळ्यांसमोर आपला जुलै महिना नव्हता.

खायच्या सोड्याची परीक्षा वेगळी. त्याला गरम पाण्यात नाही, लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये टाकून बघायचं. सोडा एकटा फारसं काही करत नाही, त्याला आंबट लागतं. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि कॉर्नफ्लॉर असं तिन्ही एकत्र असतं. कॉर्नफ्लॉर बघून काही जण भेसळ म्हणून नाक मुरडतात. ती भेसळ नाही. ओल शोषून घ्यायला आणि सोडा व आम्ल यांना वेगळं ठेवायला ती मुद्दाम घातलेली असते. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं १८४३ मध्ये बायकोला यीस्ट चालत नसे म्हणून अशी पावडर बनवली. तेव्हापासून आजवर तिचा शत्रू एकच आहे, दमटपणा.

आणि दमटपणा तर आपल्याकडे दारातच उभा. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली की मिठाला पाणी सुटतं, पापड वाकतात. डबीचं झाकण दर वेळी उघडलं की थोडी ओल आत जाते, सोडा आणि आम्ल डबीतच एकमेकांना भेटतात आणि त्यांचं जे काही व्हायचं ते तिथेच होऊन जातं. केकमध्ये पडते ती त्यांची राख.

उपाय स्वस्त आहे. सगळ्यात लहान पाकीट घ्या. काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत ठेवा. गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, तिथे भाताची वाफ जाते. फ्रिजमध्येही नको, कारण गार बाटली बाहेर काढून उघडली की आत दव धरतं. ओला चमचा तर घालूच नका. पावसाळ्यात उघडलेली पावडर मी दोन महिन्यांच्या वर विश्वासानं वापरत नाही. दोन महिन्यांच्या आतसुद्धा पाहुणे यायचे असतील तर आधी गरम पाण्याची परीक्षा घेते.

चमचा, वाटी, अंडी

पाककृतीतला ‘कप’ २४० किंवा २५० मिलिलिटरचा असतो. आपला चहाचा कप त्याहून बराच लहान. ‘टीस्पून’ म्हणजे ५ मिलिलिटर, ‘टेबलस्पून’ म्हणजे १५. आपल्या घरातला पोह्यांचा चमचा या दोघांच्या मध्ये कुठेतरी येतो, आणि नेमका तोच हाताला लागतो. पावडरच्या बाबतीत एवढा फरक पुरेसा असतो. एक कप मैद्याला सपाट एक टीस्पून पावडर हे साधारण प्रमाण. ‘फुगत नाही’ म्हणून दुप्पट घालणारे खूप भेटतात. त्यांचा केक फुगतो, खूप फुगतो, आणि मग बसतो. कोरड्या खड्ड्याचं कारण निम्म्या वेळा हेच.

मापाच्या चमच्यांचा संच पन्नास-शंभर रुपयांत मिळतो. त्याआधी दुसरं काही विकत घेऊ नका.

गावठी अंडी घालत असाल तर ती वजन करून घ्या. पाककृतीत धरलेलं अंडं टरफलाशिवाय साधारण ५० ग्रॅमचं असतं. गावठी त्याहून लहान. दोनच्या जागी तीन लागू शकतात.

भांडं

आठ इंची भांड्याचं मिश्रण सहा इंचीत ओतलं तर थर जवळजवळ पावणेदोनपट जाड होतो. कड भाजून करपायला येते तरी मध्य ओलाच. भांडं अर्ध्याहून थोडं जास्त भरा, दोन तृतीयांशाच्या वर कधीच नाही. उरलेलं मिश्रण वाट्यांत घालून मुलांना छोटे केक करून द्या, भांडण मिटतं.

मिश्रण: आपल्याकडचा खरा घोळ इथे आहे

आधी रव्याचा केक. तो आपल्याकडे सगळ्यात जास्त होतो, कारण रवा घरात असतोच. पाककृतीत लिहिलेलं असतं, मिश्रण अर्धा तास मुरू द्या. हे बरोबर आहे, रवा भिजायला हवा, नाहीतर केकमध्ये तो करकरतो आणि भाजताना मिश्रणातलं पाणी पिऊन केक कोरडा पाडतो. पण बहुतेक जण पावडर आधीच घालून मग मुरवतात. ओलं झाल्याबरोबर पावडर कामाला लागते. अर्ध्या तासात तिचा बराचसा गॅस स्वयंपाकघरात निघून गेलेला असतो. रवा, दही, साखर, तेल भिजवून ठेवा. ओव्हन तापला, भांड्याला तूप लागलं, सगळं तयार झालं की शेवटी पावडर घाला, हलक्या हातानं ढवळा आणि लगेच आत ढकला. माझ्या जाऊबाईंचा रव्याचा केक फक्त एवढ्या बदलावर सुधारला. पावडर तीच, ओव्हन तोच.

मग आंबा. हापूसचा रस म्हणजे बहुतांश पाणी, साखर आणि थोडं आम्ल. रस ‘अंदाजानं’ घातला जातो, कारण मे महिन्यात तो घरात बादलीनं असतो आणि जितका जास्त तितका केक आंब्याचा, असा समज. प्रत्येक जास्तीची पळी म्हणजे मध्यभागी आणखी पाणी, जे ओव्हनला उडवायचंय. रस आधी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर आटवा. एक कपाचा पाऊण किंवा त्याहूनही थोडा कमी झाला पाहिजे. पूर्ण गार करून मगच घाला. स्वादही वाढतो आणि पाणीही जातं. रस आंबटसर असेल तर पावडरच्या जोडीला पाव टीस्पून सोडा चालतो, पण गोड, जास्त पिकलेल्या रसाला तो नको.

डब्यातला गोड केलेला रस वापरत असाल तर साखर कमी करा. साखर फक्त गोडीसाठी नसते. साखर जास्त असली की पिठातला स्टार्च आणखी जास्त तापमानाला घट्ट होतो. म्हणजे मध्य उशिरा घट्ट होणार, तोवर गॅस संपणार. आंब्याचा रस गोड, त्यात पाककृतीची साखर पूर्ण, वर कंडेन्स्ड मिल्क. एवढं सगळं घातल्यावर खड्डा पडला तर नवल नाही.

ओल्या नारळाचं तसंच. ताज्या खोबऱ्यात पाणीही आहे आणि तेलही. खवलेलं खोबरं कढईत नुसतं दोन मिनिटं परता, हाताला ओलं लागायचं थांबलं की घाला. नारळाचं दूध घालायचं तर पहिलं, दाट दूध. दुसरं-तिसरं पाणचट दूध सोलकढीत जाऊ द्या.

लोणी-साखर फेटून करायच्या केकला उन्हाळ्यात एक अडचण येते. फेटून त्यात हवा धरायची तर लोणी मऊ पण थंडसर लागतं, साधारण वीस अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात सकाळीच तिशीच्या वर पारा. लोणी ओट्यावर ठेवलं की तेलकट होतं आणि त्यात हवा धरतच नाही. त्या दिवसांत तेलाची पाककृती घ्या. हट्टच असेल तर फ्रिजमधून काढल्यावर लगेच तुकडे करून फेटा आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा.

मैदा घातल्यानंतर फेटणं बंद. गुठळ्या राहिल्या तरी चालतील, पण पावसाळ्यातला दमट मैदा चाळायला विसरू नका, त्यात गुठळ्यांखेरीज इतरही पाहुणे निघतात.

दार आणि वेळ

भाजायच्या वेळेचा दोन तृतीयांश भाग होईपर्यंत दार उघडू नका. छोट्या ओव्हनचं दार एकदा उघडलं की आतली गरम हवा पुष्कळ जाते, आणि कमी व्होल्टेजला ती परत यायला वेळ लागतो. घरात एक जण दारावर पहाऱ्याला बसवा. आमच्याकडे हे काम भाच्याचं, कारण दार उघडणारा तोच.

झाला की नाही ते रंगावरून ठरवू नका. मध्यभागी विणायची सुई किंवा नारळाच्या झावळीचा स्वच्छ हीर खुपसा, कोरडा आला पाहिजे. खाद्यपदार्थाचा थर्मामीटर असेल तर मध्याचं तापमान ९५ अंशांच्या पुढे हवं.

ओव्हन खरंच तेवढा तापतो का

बटण १८० वर आहे याचा अर्थ आत १८० आहे असा नाही. घरगुती ओव्हनचे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान सांभाळणारे स्विच, वीस-वीस अंशांनी चुकतात, आणि जुने झाल्यावर आणखी. ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, पण त्याआधी साखरेची परीक्षा करा.

साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत एक चमचा साखर घ्या. ओव्हन १७५ वर ठेवून वीस मिनिटं तापवा, मग वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. साखर दाणेदारच राहिली पाहिजे. आता बटण १९० वर न्या, ओव्हनला पुन्हा तापू द्या आणि तीच वाटी आणखी पंधरा मिनिटं. आता वितळली पाहिजे. १९० वरही दाणे तसेच असतील तर तुमचा ओव्हन थंड आहे. बटण वीस अंश वर ठेवून परीक्षा पुन्हा घ्या. १७५ लाच वितळली तर उलटं. तेव्हा केकला वर डोंगर येतो आणि तो फुटतो, आत मात्र ओला राहू शकतो.

दोन्ही रॉड तापतायत का तेही बघा. रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवा, वर-खाली दोन्ही रॉड चालू करा आणि काचेतून बघा. पाचेक मिनिटांत दोन्ही रॉड मंद लाल दिसायला हव्यात. खालची काळीच राहिली तर वरून रंग आणि आतून कच्चा केक, हे कोडं सुटलं. दार उघडून हात लावून बघू नका.

वीज

समजा साखर दुपारी वितळली पण संध्याकाळी वितळली नाही. तर ओव्हनला दोष देऊ नका, तो बिचारा मिळेल तेवढ्यावर चालतो.

आपल्याकडे घराला २३० व्होल्ट यायला हवेत. वाडी लांब, डीपी (ट्रान्सफॉर्मर) लांब, संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि दिवे, मे महिन्यात चाकरमानी आल्यावर घरोघरी एसी. व्होल्टेज २०० वर, कधी १८० वर येतं. दिवा जरा मंद होतो, पंखा हळू फिरतो, आपण लक्ष देत नाही. ओव्हनच्या रॉडची ताकद मात्र व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारी रॉड २०० ला साधारण ११३० देते, आणि १८० ला जेमतेम ९२०. म्हणजे दिव्यात जेमतेम जाणवणारी घट ओव्हनमधून दोन पंचमांश उष्णता काढून घेते.

ओळखायचं कसं? बऱ्याच ओव्हनमध्ये ठरलेलं तापमान आलं की थर्मोस्टॅटचा ‘टक’ आवाज येतो आणि रॉडची लाली जाते. थोड्या वेळानं पुन्हा टक होऊन रॉड पेटते. अर्धा तास झाला तरी पहिला टकच आला नाही तर ओव्हन तिथवर पोचलेलाच नाही. फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर व्होल्टेजचा आकडा दिसत असेल तर तो वाचा. नाहीतर सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर आणा, दोन-तीनशेच्या आत येतो, आणि केकखेरीज पंप जळण्यापासूनही वाचवतो. ओव्हन चालू असताना आकडा बघा. बंद असताना २२० दिसतो आणि चालू केल्यावर १८५ होतो, तर वायरिंगमध्ये किंवा बाहेरच्या लाइनमध्ये कुठेतरी जोड सैल असू शकतो. हे लिहून ठेवा, पुढे वायरमनला सांगायचंय.

सोपा उपाय म्हणजे वेळ बदलणं. केक सकाळी किंवा दुपारी भाजा. संध्याकाळच्या वाढदिवसाला दुपारी दोनचा केक काही शिळा लागत नाही. वेळ बदलता येत नसेल तर ओव्हन जास्त वेळ तापवा, पंप आणि गीझर बंद ठेवा, भांडं पसरट घ्या म्हणजे थर पातळ होईल. फ्रिजच्या स्टॅबिलायझरला ओव्हन लावू नका, त्याला तेवढा भार झेपत नाही. इन्व्हर्टरवर तर नाहीच.

आणि भाजता भाजता वीज गेलीच तर? शेवटची दहाएक मिनिटं उरली असतील तर दार बंदच ठेवा. आतल्या उष्णतेवर केक कधी कधी पूर्ण होतो. सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत गेली तर थांबून उपयोग नाही. गॅसवर कुकर ठेवा, शिट्टी आणि झाकणातली रिंग काढलेली, तळाला अर्धा इंच जाड मीठ, त्यावर स्टँड. दहा मिनिटं तापवून केकचं भांडं आत, आच मंद, चाळीस-पन्नास मिनिटं. केक थोडा बसेल, पण शिजेल. पावसाळ्यात केक करायचा तर मी कुकर आधीच काढून ठेवते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं करूनही खड्डा पडत असेल, किंवा वाटेत खालीलपैकी काहीही दिसलं, तर केक बाजूला ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका, घरात कुणी ‘मला येतं’ म्हणालं तरी.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर स्विच बंद करा, मगच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग तपासायला सांगा. जांभ्याच्या कातळावरच्या घरात उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की ते नीट काम करत नाही.

ओव्हन लावला की ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच) पडतो, विशेषतः पावसाळ्यात बरेच दिवस बंद राहिल्यावर? रॉडच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते आणि ती ओल धरते, त्यातून वीज पत्र्याकडे गळते. ईएलसीबी त्याचं काम करतोय. त्याला बगल देऊन ओव्हन चालवून देणारा माणूस मिळेलही, त्याला नको म्हणा. रॉड तपासून घ्या, वाळवायची की बदलायची ते मेकॅनिक ठरवेल.

प्लगच्या पिना काळ्या पडल्यात, सॉकेट गरम लागतं, जळका वास येतो. खाऱ्या हवेनं आतल्या पट्ट्या गंजतात, सैल होतात आणि तापतात. १५०० वॅटचा ओव्हन साडेसहा अँपिअर खेचतो, २००० चा जवळजवळ नऊ. त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि त्याजोगी वायर हवी. मिक्सरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून किंवा एक्स्टेन्शनवर तो चालवत असाल तर आजच बंद करा.

काही दिवे भगभगीत आणि काही मंद, असं एकाच वेळी दिसलं तर मेन स्विच पाडा. न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटल्याची ती खूण असू शकते, आणि तेव्हा घरात भलतंच व्होल्टेज येऊन फ्रिज-टीव्ही जळतात. घराबाहेरचा, खांबावरचा दोष असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवा. खांबाला किंवा पडलेल्या तारेला घरच्या माणसानं हात लावायचा नाही.

थर्मोस्टॅट बदलणं, रॉड बदलणं हे ओव्हनच्या मेकॅनिकचं काम. तो आला की ‘केक बसतो’ एवढंच सांगू नका, त्याला त्यातून काही कळत नाही. साखर किती अंशांवर वितळली, कोणती रॉड लाल होत नाही, ओव्हन चालू केल्यावर व्होल्टेज किती उतरतं, या तीन गोष्टी कागदावर लिहून द्या. दुरुस्तीचा खर्च नव्या ओव्हनच्या निम्म्याला टेकत असेल तर मी नवा घेईन, कारण समुद्राकाठी गंजलेल्या पत्र्यात नवी रॉड फार टिकत नाही.

आणि आज बसलेल्या केकचं काय

मधला ओला गोळा काढून टाका. त्यात कच्चं अंडं असेल तर तो मुलांना चाटायला देऊ नका. उरलेल्या कड्याच्या पोकळीत हापूसच्या फोडी आणि घट्ट साय भरा, पाहुण्यांना तो तसाच मुद्दाम केलाय असं वाटतं. आंबे नसतील त्या दिवसांत जाड काप करून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजा आणि चहाबरोबर द्या.